रस्ता मोडतो कोण?

रस्त्याकडेची केबल वजन करू शकते, हे राजेश्वरी बिराजदारला कळलं ते एका नाचणाऱ्या घोड्यामुळे.

२०३९च्या डिसेंबरातली दुपार होती. राजेश्वरी सोलापूरच्या रस्ते प्रयोगशाळेत अभियंता होती, वय एकोणचाळीस. अक्कलकोट रस्त्याचं रुंदीकरण व्हायचं होतं आणि त्याआधी रस्त्याकडेला पुरलेली इंटरनेटची केबल नेमकी कुठून जाते, एवढंच तिला शोधायचं होतं. केबलच्या एका टोकाला तिनं यंत्र जोडलं. पडद्यावर सरळ रेघ उमटली. मग सातव्या किलोमीटरवर ती रेघ थरथरायला लागली. टक्-टक्, टक्-टक्, अगदी ठेक्यात.

तिनं तिथल्या मुकादमाला फोन लावला. "तिथं काही मशीन चालू आहे का?"

"मशीन कुठलं मॅडम, वरात चाललीय. नवरदेवाचा घोडा नाचतोय."

राजेश्वरी खुर्चीत ताठ बसली. सात किलोमीटरवरच्या घोड्याचे खूर ती इथून बघत होती! वरातीमागं खोळंबलेला एक मालट्रक पुढं सरकला, तशी रेघेवर पाच उंच सुळके उभे राहिले, एकामागोमाग एक. ट्रकला पाच ॲक्सल होते, म्हणजे चाकांचे पाच आस. पुढचा सुळका बुटका, मागचे उंच, कारण माल मागं होता.

त्यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. केबलमध्ये केसाएवढी बारीक काचेची तार असते आणि तिच्यातून प्रकाश धावतो. कुठलीच काच शंभर टक्के शुद्ध नसते. तिच्यातल्या सूक्ष्म दोषांवर आपटून थोडासा प्रकाश मागं परततो. जवळून चाक गेलं की माती दबते, मातीबरोबर काच ताणली जाते, केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि परतणारा प्रकाश बदलतो. किती बदलला यावरून चाकानं किती दाब दिला हे काढता येतं. राजेश्वरीनं त्यापुढचे नऊ महिने वजनकाट्यावर घालवले. ट्रक काट्यावर चढवायचा, पावती घ्यायची, मग तोच ट्रक केबलच्या कडेनं न्यायचा. नऊ महिन्यांनी केबल आणि काटा यांच्यातला फरक शंभरात एकावर आला.

अशी केबल राज्यातल्या जवळपास प्रत्येक रस्त्याच्या कडेनं आधीच पुरलेली होती. म्हणजे कुठल्या रस्त्यावर कुठलं चाक किती भार टाकून गेलं, याचा हिशेब पहिल्यांदाच मांडता येणार होता. आणि मांडला तेव्हा ती थक्क झाली.

ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, जवळपास सोळापट होतं. तिप्पट झाला तर एक्क्याऐंशीपट. हा चौथ्या घाताचा नियम रस्ते बांधणाऱ्यांना कित्येक दशकं ठाऊक होता, पण पुस्तकात. मोटारीच्या ॲक्सलवर अर्धा टन असतो, भरलेल्या ट्रकच्या ॲक्सलवर दहा टन. वजन वीसपट, नुकसान एक लाख साठ हजारपट. चुनखडीच्या खाणीकडं जाणारा बत्तीस किलोमीटरचा रस्ता तिनं तपासला. त्यावरून रोज तीन हजार मोटारी आणि चारशे ट्रक जात होते. त्या तीन हजार मोटारी त्या रस्त्याच्या खिजगणतीतही नव्हत्या.

नेमक्या त्याच वेळी सरकारनं एक विधेयक आणलं.

पूर्वी पेट्रोल-डिझेल घेताना माणूस कर भरायचा. जो जास्त फिरेल तो जास्त भरेल, असा त्यात ढोबळ का होईना, न्याय होता. पण आता निम्म्याहून जास्त गाड्या विजेवर चालत होत्या. सोलापुरातल्या चाळीस पंपांपैकी नऊ उरले होते. बंद पडलेल्या एकावर तर लग्नाचं कार्यालय निघालं होतं. इंधनाचा कर आटला आणि रस्ते उखडत चालले. विधेयक म्हणत होतं: इंधनावरचा कर रद्द करू, आणि त्याऐवजी दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर दोन टक्के जादा विक्रीकर लावू. पैसा भरपूर येईल आणि गोळा करायला सोपा. लोकही खूश होते, पेट्रोल उतरणार म्हणून.

प्रयोगशाळेच्या फाटकाशी निलव्वा कडक भाकरी विकायची. साठीची बाई, कुंभारी गावाहून चालत यायची. राजेश्वरीनं एक दिवस तिला सहज विचारलं, "निलव्वा, तुम्ही महिन्याला काय काय विकत घेता?"

"काय घेणार बाई? तेल, साबण, मीठ-मिरची, नातीला चपला. का गं?"

"काही नाही," राजेश्वरी म्हणाली. पण तिच्या मनात आलं, या बाईला गाडीच नाही. आणि प्रत्येक साबणाच्या वडीमागं ही खाणीचा रस्ता दुरुस्त करणार.

विधेयक तपासणाऱ्या विधिमंडळाच्या समितीसाठी तिनं अहवाल लिहायला घेतला. जड ट्रकनं ॲक्सलवरच्या भाराप्रमाणं आणि अंतराप्रमाणं रस्त्याचं भाडं भरावं. मोटारवाल्यांनी व्यापलेल्या जागेपुरती थोडी वार्षिक रक्कम द्यावी. विक्रीकर नको.

अडचण एकच होती. सोलापूरच्या मालवाहतूकदार संघटनेनं विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला होता आणि संघटनेचा अध्यक्ष होता मल्लिनाथ बिराजदार, राजेश्वरीचा धाकटा भाऊ.

वेळा अमावास्येला सगळे शेतात जेवायला जमले. कडब्याच्या पेंढ्या रचून केलेल्या कोपीत पूजा झाली, आणि अव्वानं, म्हणजे त्यांच्या आईनं, भज्जी-आंबील वाढायला घेतली. मल्लिनाथ खुशीत होता.

"अक्का, डिझेल बावीस रुपयांनी उतरणार. आणि विजेवरच्या दहा गाड्यांना तर काहीच नाही. माझ्या जन्मात सरकारनं पहिल्यांदा आमचा विचार केला बघ."

राजेश्वरीनं हातातली भाकरी ताटात ठेवली. मल्लिनाथच्या ते लगेच लक्षात आलं. "काय झालं?"

तिनं सांगितलं. घोड्यापासून चौथ्या घातापर्यंत, अगदी निलव्वाच्या साबणापर्यंत सगळं. मल्लिनाथ जेवायचा थांबला.

"म्हणजे समितीपुढं तू जाणार, आणि रस्ता मोडणारा म्हणून माझं नाव घेणार."

"तुझं नाही. जो मोडतो त्याचं."

"बावीस ट्रक माझे आहेत अक्का. खाणीच्या रस्त्यावर दुसरं कोण आहे?"

वाढता वाढता अव्वाचा हात थांबला. "राजी, तुझं शिक्षण त्या ट्रकच्या चाकावर झालंय. इसरू नको."

"अव्वा, ते काढू नकोस," मल्लिनाथ पटकन म्हणाला.

पण ते खरंच होतं. वडील गेले तेव्हा राजेश्वरी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मल्लिनाथ सतरा वर्षांचा. घरात एकच ट्रक. त्यानं कॉलेजचा फॉर्म फाडला आणि क्लीनर म्हणून त्याच ट्रकवर चढला. तिची फी कधी चुकली नाही. त्यानं ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

"बरं, मला एक सांग," मल्लिनाथ शांतपणे म्हणाला. "माझ्यावर भाडं बसलं तर मी काय करीन? मी मालाचं भाडं वाढवीन. तुझ्या त्या निलव्वाचं तेल माझ्याच गाडीतून येतं. तिचं तेल महागणारच. मग फरक काय पडला? नुसतं माझ्या हातून तिच्याकडून घेणार, एवढंच ना?"

मल्लिनाथ हात धुऊन उठला आणि उत्तराची वाट न बघता गाडीकडं गेला. त्यानंतर त्यानं तिचे फोन घेतले नाहीत.

समितीची बैठक अकरा दिवसांवर होती. राजेश्वरी रोज अहवाल उघडायची आणि रोज त्याच प्रश्नाशी अडायची. सातव्या दिवशी, खाणीच्या रस्त्याच्या नोंदी चाळताना तिला एक विचित्र जोडी दिसली. सोमवारचा एक ट्रक चाळीस टनांचा, गुरुवारचा एक ट्रकही चाळीस टनांचा. पण गुरुवारच्या ट्रकनं केलेलं नुकसान सोमवारच्या निम्म्याहूनही कमी. यंत्र बिघडलं असं तिला वाटलं. टोलसाठी ट्रकवर चिकटवलेल्या पट्टीचा, नाक्यावर नोंदलेला नंबर तिनं बघितला. दोन्ही दिवशी ट्रक एकच होता, आणि तो मल्लिनाथचा होता.

ती सरळ खाणीवर गेली. ट्रक रांगेत उभा होता आणि दस्तगीरमामा, मल्लिनाथचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, सावलीत बसून चहा पीत होता.

"मामा, गुरुवारी माल तेवढाच होता ना?"

"तेवढाच की ताई. रोजच्यासारखा."

"मग वेगळं काय केलंत?"

दस्तगीरमामानं जरा आठवलं आणि तो ओशाळं हसला. "लिफ्ट टेकवली होती."

मोठ्या ट्रकला एक ॲक्सल असा असतो की बटण दाबलं की चाकांसकट वर उचलला जातो. ड्रायव्हर त्याला लिफ्ट म्हणतात. रिकाम्या गाडीत ती उचलायची असते. माल भरला की खाली टेकवायची.

"मग रोज का नाही टेकवत?"

"टायर झिजतात ना ताई. समद्यांचीच सवय हाय ती. गुरुवारी वाटेत तपासणी हाय असं ऐकलं, म्हणून टेकवली."

राजेश्वरी तिथंच, धुळीत, वहीवर आकडे मांडायला बसली. पुढचे सहा सोडून मागचे चौतीस टन तीन ॲक्सलवर पडले तर प्रत्येकावर अकरा टनांच्या वर. तेच चार ॲक्सलवर पडले तर साडेआठ. वजनातला फरक थोडा, पण चौथ्या घातानं तोच फरक प्रचंड होतो. एक बटण, चार टायर, आणि रस्त्याचं आयुष्य दुपटीहून जास्त!

मल्लिनाथच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. विक्रीकर कितीही वाढवा, ती लिफ्ट कुणी खाली टेकवणार नाही. इंधनाचा करही ती कधी टेकवू शकला नसता. पण ॲक्सलच्या भाराचं भाडं लागलं, तर दुसऱ्याच दिवशी राज्यातली प्रत्येक लिफ्ट जमिनीवर येईल. नुकसान घटेल, नुकसान घटलं की भाडंही घटेल. भाडं चुकवायचा एकच मार्ग उरेल, आणि तो मार्ग म्हणजे रस्ता न मोडणं.

तिनं मल्लिनाथला पुन्हा फोन केला. त्यानं तो घेतला नाही.

समितीची बैठक जिल्ह्याच्या सभागृहात सकाळीच होती. एका बाजूला वाहतूकदार दाटीनं बसले होते. अध्यक्षस्थानी आमदार मीनाक्षी वानखडे होत्या; बोलणं मोजकं आणि नजर धारदार.

"सुरुवातीलाच सांगते," राजेश्वरी म्हणाली, "संघटनेचे अध्यक्ष माझे सख्खे भाऊ आहेत." सभागृहात कुजबुज झाली. मग तिनं अर्धा तास सगळं मांडलं. तीन टनांखालच्या गाड्यांची केबल नोंदच ठेवणार नाही, कोण कुठं गेलं याच्याशी तिला देणंघेणं नाही, हेही सांगितलं.

मल्लिनाथ उभा राहिला. बहिणीकडं न बघता तो म्हणाला, "मॅडमनी छान सांगितलं. पण काचेच्या दोऱ्यावर आमच्या पोटाचा निवाडा करायचा? परीक्षा घ्या. माझा एक ट्रक आत्ता खाणीच्या काट्यावर भरून उभा आहे. त्याच्या वजनाची पावती दहा मिनिटांपूर्वी इथं माझ्या हातात आली. मॅडमना ती माहीत नाही. त्यांनी इथं बसून वजन सांगावं."

"मान्य," राजेश्वरी म्हणाली.

मल्लिनाथनं फोन करून ट्रक निघायला सांगितला. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर सरळ रेघ होती. दीडशे माणसं तिच्याकडं बघत होती. मोटारी गेल्या, रेघ जेमतेम हलली. मग सुळके आले. एक, दोन, तीन, चार.

राजेश्वरीनं आकडे वाचले. "पुढच्या ॲक्सलवर सहा टन. मागच्या तिघांवर सरासरी अकरा टन चारशे किलो. एकूण चाळीस टन दोनशे." तिनं सुळके पुन्हा मोजले. "आणि हा ट्रक पाच ॲक्सलचा असेल, तर त्याची लिफ्ट उचललेली आहे."

वाहतूकदारांच्या बाजूनं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

वानखडे मल्लिनाथकडं वळल्या. "पावती काय म्हणते?"

पावती एकट्या मल्लिनाथच्या हातात होती. त्यानं ती उघडली. शेजारी बसलेले खजिनदार हळूच म्हणाले, "पस्तीस सांगून टाक, शेठ. कोण बघतंय?" माईक चालू होता, ते सगळ्यांना ऐकू आलं. राजेश्वरीलाही. तिनं भावाच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मग बघवेना म्हणून मान खाली घातली.

पावती टेबलावर सपाट केल्याचा आवाज माईकवर आला.

"चाळीस टन, दोनशे साठ किलो," मल्लिनाथ म्हणाला. "आणि लिफ्ट उचललेली आहे. मीच उचलायला सांगितली होती. वाटलं होतं, केबल गोंधळेल."

वानखडे म्हणाल्या, "तोच ट्रक लिफ्ट टेकवून पुन्हा आणता येईल?"

वीस मिनिटांनी पाच सुळके आले, आधीपेक्षा बुटके. राजेश्वरीनं दोन्ही वेळचं नुकसान शेजारी शेजारी मांडलं: पहिल्या वेळी शंभर धरलं, तर दुसऱ्या वेळी चव्वेचाळीस. माल तोच, गाडी तीच, ड्रायव्हरही तोच.

"आणि भाडं?" मल्लिनाथनं विचारलं. या वेळी तो तिच्याकडं बघत होता.

"तेही चव्वेचाळीस. अजून एक ॲक्सल बसवलास तर पंचवीसच्या आसपास." मॅडम-साहेब विसरून ती म्हणाली, "मल्लू, तू विचारलं होतंस ना, फरक काय पडला? हा पडला. विक्रीकरात तू काहीही केलंस तरी निलव्वा तेवढंच भरते. यात तू चाक टेकवलंस की तिचं ओझं उतरतं."

मल्लिनाथ माईक जवळ ओढून म्हणाला, "माझ्याकडे बावीस गाड्या आहेत. बावीसच्या बावीस लिफ्टा उचलून पळतात. टायर वाचतात एवढं मला ठाऊक होतं. रस्ता किती मोडतो, हे आजवर कुणी दाखवलंच नव्हतं. संघटनेचा पाठिंबा मी मागं घेऊ शकत नाही, तो सगळ्यांचा आहे. माझा मात्र मागं घेतो."

त्या दिवशी सभागृहाच्या पायऱ्यांवर तो राजेश्वरीची वाट बघत थांबला होता. वाहतूकदार त्याला टाळून, खाली मान घालून निघून जात होते.

"आता अध्यक्षपद जाणार माझं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय! चल, भूक लागलीय. अव्वाला फोन कर आणि सांग, दोघंही येतोय."

अध्यक्षपद खरंच गेलं, एकतीस विरुद्ध चार मतांनी. विक्रीकराचं विधेयक मात्र समितीतून परत आलंच नाही. एप्रिलमध्ये विधिमंडळानं ॲक्सलभाड्याचा कायदा मंजूर केला, आणि तो लागू झाला त्या सकाळी राजेश्वरीनं प्रयोगशाळेत सगळ्यांना पडद्यापाशी बोलावलं. राज्यभरच्या रस्त्यांवर, एका रात्रीत, चार सुळक्यांचे ट्रक पाच सुळक्यांचे झाले होते. कुणी टाळ्या वाजवायला सुरुवात केली ते तिला कळलं नाही. पण ती स्वतः वाजवत होती, हात दुखेपर्यंत.

मल्लिनाथनं आपल्या आवारात जुन्या ट्रकना जादा ॲक्सल बसवायचा कारखाना टाकला. दीड वर्षात, त्याला पदावरून उतरवणारे एकतीसही त्याच्याकडं रांगेत आले. खजिनदार पहिले आले. मल्लिनाथनं त्यांना चहा पाजला आणि नंबराप्रमाणंच थांबवलं.

२०४४च्या पावसाळ्यानंतर खाणीच्या रस्त्यावर दुरुस्तीचं कामच निघालं नाही. डांबराची यंत्रं आणि माणसं मोकळी राहिली. रस्ते खात्यानं ती अशा वस्त्यांकडं वळवली, जिथं रस्ता कधी पोचलाच नव्हता. त्यात अक्कलकोट तालुक्यातला एक छोटा तांडा होता. पाऊस लागला की तिथल्या आजारी माणसाला बाजेवर घालून ओढा ओलांडावा लागायचा. आता ओढ्यावर पूल झाला, आणि पहिली एसटी आली ती हलगीच्या कडकडाटात, गुलालानं लाल होऊन.

तांड्यानं बहीण-भावाला बोलावलं होतं. एसटीच्या मागोमाग मल्लिनाथ स्वतः ट्रक चालवत आला, शाळेच्या खोल्यांसाठी विटा घेऊन, शेजारी राजेश्वरी. सहाच्या सहा ॲक्सल टेकलेले. बायकांनी दोघांना ओवाळलं. शाळेची पोरं ट्रकची चाकं मोजत होती आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता.

तांड्याची नायकीण, सीताबाई राठोड, नव्या डांबरावर अनवाणी उभी होती. पायानं डांबर दाबून बघत तिनं विचारलं, "साहेब, किती दिवस टिकंल हे?"

राजेश्वरी उत्तर द्यायला गेली, पण मल्लिनाथच आधी बोलला.

"आमच्या गाड्यांनी मोडला नाही, तर वीस वर्षं."

"आन् मोडला तर?"

"तर मी भरीन," मल्लिनाथ म्हणाला.